शेडच्या थ्रीडी चित्रात वाट रुंद दिसली, जागेवर बीमची ट्रॉली वळेना: डोळ्याचं नेमकं काय चुकतं?

धोटा_आणि_धागा

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. जुने धोट्याचे माग काढून यंदा आम्ही आठ रेपिअर (बिनधोट्याचे माग) बसवले. दोन-दोनच्या चार ओळी, मधून दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ वाट. त्याआधी एकाकडून मांडणी करून घेतली होती. त्यानं लॅपटॉपवर शेडचं थ्रीडी चित्र दाखवलं, दारात उभं राहून आत बघावं तसं. फरशीवरचा उजेड, मागांच्या सावल्या, सगळं. अप्पा आणि मी शेजारी बसून बघितलं. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीमधली आडवी वाट, जिथून बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले लांब रोळ) चढवायचे, ती दोघांनाही ऐसपैस वाटली. अप्पा म्हणाले, "ट्रॉली आरामात फिरंल की." मीही हो म्हटलं.

फाउंडेशन झालं, माग बसले, आणि पहिल्याच बीमला ट्रॉली त्या वाटेत वळेना. टेप लावली तर साडेतीन फूट. आम्हाला पाच तरी लागतात. टॉवेलच्या मागाला बीम दोन, एक ग्राउंडचा (मूळ विणीचा) आणि एक पाइलचा (टॉवेलच्या वरच्या फासांचा), म्हणजे ही अडचण रोजचीच.

चित्र काढणाऱ्याला दोष द्यायला हा धागा काढलेला नाही. फाईल उघडून मोजलं तेव्हा चित्रातही साडेतीनच फूट निघाले. शिवाय वरून बघितलेला, मापं लिहिलेला नकाशा त्यानं सोबत दिला होता. चित्रात सगळं स्पष्ट दिसतंय म्हणून तो आम्ही घडी घालून कपाटात ठेवला. परवा तोच टेबलावर पसरला. अप्पांनी चष्मा लावला आणि पाणी पिऊन होईपर्यंत त्या वाटेवर बोट ठेवलं. "इथं अडकतंय बघ."

४० वर्षं मागावर काढलेला माणूस. चालत्या मागाचा एक तुटलेला ताणा (उभा धागा) चार हातांवरून ओळखतो. तेच डोळे, तीच शेड, मग चित्रात कळलं नाही आणि नकाशात लगेच कळलं, असं का? मला हे खरंच समजून घ्यायचंय. इथे ड्रॉइंगवाले, फोटोवाले, शिक्षक सगळे आहेत, म्हणून विचारतेय.

जुळे_सोलापूरकर

ताई, मी सिव्हिलमध्ये आहे आणि हा प्रश्न दर महिन्याला माझ्यासमोर येतो. फ्लॅट घेणारा थ्रीडी बघून खूश होतो आणि ताबा घेतल्यावर म्हणतो, हॉल लहान झाला. हॉल तेवढाच असतो.

मूळ गोष्ट अशी. पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे जागेतला एक बिंदू नव्हे. डोळ्यापासून निघून त्या ठिपक्यातून पुढे जाणारी अख्खी रेषाच त्या एका ठिपक्यात जमा झालेली असते. वस्तू त्या रेषेवर १० फुटांवर आहे की ५० फुटांवर, हे ठिपका सांगत नाही. ते आपण आजूबाजूवरून ताडतो: फरशीला कुठे टेकलीय, सावली कुठे पडलीय, कोण कोणाला झाकतंय. डावं-उजवं आणि वर-खाली चित्रातून चांगलं कळतं. आपल्यापासून लांब जाणारं अंतर मात्र अंदाजावर सोडलेलं असतं. आणि तुमची आडवी वाट नेमकी त्याच दिशेनं मोजायची होती.

आता आकडे घेऊन बघा. डोळा जमिनीपासून ५ फुटांवर धरू. समजा चित्र असं काढलंय की ते बरोबर दिसायला डोळा पडद्यापासून २० सेंटिमीटरवर हवा. तर २० फुटांवरची फरशी पडद्यावर क्षितिजरेषेच्या (चित्रातली डोळ्याच्या उंचीची रेघ) ५० मिलिमीटर खाली दिसेल. ४० फुटांवरची २५ मिलिमीटर खाली. ४५ फुटांवरची २२ च्या थोडी वर. म्हणजे ४० फुटांवर सुरू होणारी ५ फुटांची वाट पडद्यावर पावणेतीन मिलिमीटर भरते, आणि साडेतीन फुटांची वाट दोन मिलिमीटर. तुमच्या पाचात आणि साडेतीनात पडद्यावर एक मिलिमीटरचाही फरक नव्हता. तो अप्पांनी ओळखावा अशी अपेक्षाच चूक आहे.

आणखी एक. २० फुटांवर पडद्यावरची एका मिलिमीटरची चूक जमिनीवर ५ इंचांची होते, ४० फुटांवर तीच १ फूट ८ इंचांची. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट. नकाशात असं होत नाही. तिथे दाराजवळचा फूट आणि मागच्या भिंतीजवळचा फूट सारख्याच लांबीचे.

शेळगी_नवीन

सर, पण दोन मिलिमीटर दिसत असतील तर वाट अरुंद वाटायला हवी होती ना? यांना रुंद का वाटली?

जुळे_सोलापूरकर

चांगला प्रश्न. वर मी "डोळा २० सेंटिमीटरवर हवा" असं लिहिलंय. २० सेंटिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. कोण लॅपटॉपला नाक लावून बसतं? आपण ६० सेंटिमीटरवर बसतो, म्हणजे बरोबर जागेच्या तिप्पट लांब. भूमितीप्रमाणे तिथून बघताना चित्रातली खोली, म्हणजे आत जाणारं अंतर, तिप्पट ताणली जाते. डोळा एवढा ताण पूर्ण मानत नाही, कारण आपण पडदा बघतोय हेही त्याला दिसत असतं. पण थोडा ताण उरतोच. अख्खी शेड एका चित्रात मावावी म्हणून काढणारा कोन रुंद घेतो. कोन जितका रुंद तितकी डोळ्याची बरोबर जागा पडद्याजवळ सरकते, आणि आपण तर खुर्चीतून हलत नाही.

मोबाईलनं काढलेले खोल्यांचे फोटो मोठे दिसतात त्याचंही कारण हेच. १५ सेंटिमीटर लांबीचा आडवा मोबाईल घ्या. नेहमीच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोसाठी डोळा साधारण ११ सेंटिमीटरवर हवा. तिथे चाळिशीच्या पुढच्या माणसाला काही दिसतच नाही.

गड्ड्याचा_फोटोवाला

याची उलट बाजू माझ्याकडून. मी दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेचे फोटो काढतो. सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) मिरवणुकीत निघतात तेव्हा त्यांच्यात चांगलं अंतर असतं, प्रत्येकाभोवती बाराबंदी घातलेली माणसं, वाजंत्री, गर्दी. मी लांब गच्चीवरून मोठ्या लेन्सनं काढतो आणि फोटोत सातही काठ्या खांद्याला खांदा लावून उभ्या दिसतात. लोक विचारतात, एवढ्या चिकटून चालवतात का? नाही ओ.

पुष्कळांना वाटतं की हे लेन्समुळे होतं. लेन्स फक्त तुकडा कापून मोठा करते. जवळच्याचं आणि लांबच्याचं प्रमाण ठरतं मी कुठे उभा आहे त्यावरून. २०० मिलिमीटर लेन्सनं, फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर काढलेला फोटो ३६ सेंटिमीटर रुंद छापला तर तो २ मीटरवरून बघायचा असतो. लोक हातात घेऊन अर्ध्या मीटरवरून बघतात. खोली चौथाईवर येते आणि काठ्या चिकटतात. ताईंच्या शेडचं चित्र लांबून बघितलं गेलं म्हणून ताणलं, माझा फोटो जवळून बघितला जातो म्हणून दबतो.

फळा_आणि_खडू

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात सगळी नोकरी सरली. आम्ही या विषयाला यथार्थदर्शन म्हणतो. ताईंचा प्रश्न वाचल्यापासून तो शब्द मला टोचतोय. यथार्थ, म्हणजे जसं आहे तसं. प्रत्यक्षात ते एका जागेवरून, एका डोळ्याला, जसं दिसतं तसं असतं.

ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्यांना ही अट पक्की माहीत होती. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. बघणाऱ्यानं फळीच्या मागून भोकाला एक डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशातलं चित्र बघायचं. म्हणजे डोळा कुठे असावा हे त्यानं बघणाऱ्यावर सोडलंच नाही. १४३५ साली आल्बेर्तीनं त्याचे नियम लिहून काढले. रोममध्ये संत इग्नेशियसच्या चर्चचं छत आंद्रेआ पोत्सोनं सतराव्या शतकाच्या शेवटी रंगवलं. वर खांब, कमानी, त्यापलीकडे उघडं आकाश, सगळं रंगाचं. फरशीवर एक गोल दगड बसवलाय. त्यावर उभं राहिलं की खांब सरळ वर जातात, बाजूला सरकलं की तेच खांब कलंडतात. तुमच्या लॅपटॉपसमोर असा गोल दगड नव्हता.

आता माझ्या मनातलं. लहान मूल टेबल काढतं तेव्हा वरचा भाग पूर्ण चौकोन काढतं आणि चारही पाय सारख्या लांबीचे. आम्ही ते चूक म्हणून खोडायचो. मीही कित्येकांचं खोडलं. जुन्या लघुचित्रांतही गालिचा वरून पसरलेला दिसतो आणि त्यावरचा माणूस समोरून. मूल आणि ते चितारी दोघंही वस्तूच्या मापाशी प्रामाणिक होते, आणि मी मुलांना सांगत होतो की तुझ्या डोळ्याशी प्रामाणिक राहा. दोन्ही खरं आहे, पण दोन वेगळ्या कामांसाठी. हे त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं.

चादर_डिझाईन

सर, आमच्या धंद्यात तुमचं म्हणणं रोज दिसतं. जॅकार्डचं (नक्षी विणणाऱ्या यंत्राचं) डिझाईन आम्ही चौकटीच्या कागदावर काढायचो, आता संगणकावर काढतो, पण तिथेही चौकटीच. एक चौकट म्हणजे एक ताणा आणि एक बाणा (आडवा धागा). त्यावर मोर काढला तर मोर कळत नाही, नुसते ठिपके. गिऱ्हाइकाला पलंगावर अंथरलेल्या चादरीचं चित्र दाखवतो, ते बघून तो ऑर्डर देतो. पण त्या चित्रावरून चादर विणता येत नाही.

एका_डोळ्याचा_ड्रायव्हर

मला लहानपणापासून एकाच डोळ्यानं दिसतं. स्कूटर गेली वीस वर्षं चालवतोय, सात रस्ता चौकातल्या गर्दीतसुद्धा. लोकांना वाटतं एका डोळ्याला खोली कळत नाही. कळते. मी मान थोडी हलवतो, जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, त्यावरून अंदाज येतो. अडचण येते ती सुईत दोरा ओवताना आणि चहा ओतताना, म्हणजे हाताच्या अंतरावर. दोन डोळ्यांचा फायदा तिथे सगळ्यात जास्त असतो. दोन डोळ्यांत जी दोन थोडी वेगळी चित्रं पडतात त्यावरून खोली कळते, हे इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टननं १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपनं (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणानं) दाखवलं.

आता पडद्याकडे या. तुमचे दोन्ही डोळे पडद्यावर एकच चित्र बघतात, आणि दोघांत वेगळं काही नाही म्हटल्यावर ते मेंदूला सांगतात, हे सपाट आहे. चित्रातल्या रेषा सांगतात, हे खोल आहे. दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत आणि तुम्ही मधला काहीतरी निकाल देता. मला बहुतेक फोटो तुमच्यापेक्षा जास्त खोल दिसत असावेत, कारण माझ्याकडे तो विरुद्ध साक्षीदारच नाही.

करून बघा. तलावातल्या सिद्धेश्वर मंदिराचा पुलाच्या बाजूनं काढलेला फोटो लॅपटॉपवर पूर्ण पडदा करा. कागदाची नळी करून एका डोळ्याला लावा, दुसरा झाका, पडद्याची चौकट नळीतून दिसू देऊ नका. दहा-पंधरा सेकंद थांबा. पाणी मागे जाईल.

धोटा_आणि_धागा

केलं! अप्पांनाही करायला लावलं. ते आधी नको म्हणाले, मग नळी सोडेनात. शेडचं चित्र आम्ही तसंच बघितलं, डोळा पडद्यापासून वीतभरावर आणून. आता ती वाट मागच्या दोन ओळींमधली फट वाटते. इतक्या जवळून पडद्यावरचे ठिपके फुटतात हे खरं, पण आकार बदलला हे नक्की.

शेळगी_नवीन

मग चित्रात फिरता येतं तसं वॉकथ्रू घेतलं असतं तर चूक टळली असती का? किंवा ते डोळ्यावर बांधायचं व्हीआर?

रडार_ते_पडदा

यावर थोडं लिहितो, कारण पडद्यावर माहिती कशी दाखवावी हेच माझं काम आहे.

फिरल्यानं नक्की फायदा होतो. वरच्या ड्रायव्हरदादांनी सांगितलेलं मान हलवणं तिथे माऊसनं होतं. व्हीआरमध्ये दोन डोळ्यांना दोन चित्रं मिळतात आणि डोळ्याची जागाही बरोबर असते. तरीही त्यात लोक लांबची अंतरं खऱ्यापेक्षा कमी धरतात, हे प्रयोगांत पुन्हापुन्हा आढळलंय. म्हणजे तिथेही टेप ठेवून देता येत नाही.

या प्रश्नाचा कसून अभ्यास विमानांसाठी झाला. वैमानिकाला आसपासची विमानं पडद्यावर कशी दाखवायची, वरून नकाशासारखी की मागून-वरून बघितल्यासारखी तिरकी? नासाच्या एम्स केंद्रात मॅकग्रीवी आणि एलिस यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात माणसांना असं तिरकं चित्र दाखवून एका वस्तूपासून दुसरी कोणत्या दिशेला आहे हे विचारलं. चुका कशाही विखुरलेल्या नव्हत्या, त्यांना वळण होतं, आणि चित्राचा कोन बदलला की ते वळणही बदलत होतं. पुढच्या वर्षीच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. जवळ येणारं विमान टाळायला, नकाशासारखा पडदा बघणारे वैमानिक जास्त करून डावी-उजवीकडे वळत. तिरकं चित्र बघणारे वर-खाली जाण्याचा मार्ग जास्त निवडत. आकाश तेच, विमानं तीच. चित्र बदललं आणि निर्णय बदलला.

२००१ मध्ये अमेरिकी नौदलासाठी केलेल्या प्रयोगांत ठोकळ्यांच्या आकृत्या आणि डोंगराळ जमीन दाखवली होती. वस्तूचा आकार कसा आहे हे समजायला थ्रीडी चित्र सरस ठरलं. दोन वस्तू एकमेकींच्या संदर्भात नेमक्या कुठे आहेत हे सांगायला सपाट नकाशे सरस ठरले. ताई, तुम्ही आकाराच्या चित्राला जागेचा प्रश्न विचारलात. अप्पांनी जागेच्या नकाशाला विचारला आणि उत्तर मिळालं.

तिरकंच चित्र वापरायचं असेल तर त्या लोकांनी काढलेला उपाय सोपा आहे. जमिनीवर चौकटी आखायच्या आणि हवेतल्या प्रत्येक विमानापासून जमिनीपर्यंत एक उभी रेघ सोडायची. रेघ ज्या चौकटीत टेकली तिथे विमान. तो एक ठिपका मग अख्ख्या रेषेवर कुठेही असू शकत नाही.

होटगीरोड

मला एक पटत नाही. आपण सगळे जन्मभर फोटो बघतो, टीव्हीवर क्रिकेट बघतो. चेंडू कुठे पडला ते लगेच कळतं. डोळा एवढा फसत असेल तर हे कसं?

रडार_ते_पडदा

खेळपट्टी २२ यार्डांची असते हे तुम्हाला आधीच माहीत असतं, क्रीजच्या रेघा आखलेल्या असतात, स्टंपाची उंची ठरलेली असते. एवढी मापं आधीच हातात असलेलं चित्र क्वचितच मिळतं. आणि तरी पायचीतचा निर्णय द्यायला एका कॅमेऱ्याचं चित्र पुरत नाही, बरेच कॅमेरे लावून चेंडूची जागा काढावी लागते. बॉलरच्या मागच्या त्या कॅमेऱ्यात खेळपट्टी किती आखूड दिसते ते आज बघाच. फोटोवालेदादांच्या काठ्यांसारखंच आहे ते.

जुळे_सोलापूरकर

ताई, पुढच्या वेळी आयसोमेट्रिकही मागा. केंब्रिजच्या विल्यम फॅरिशनं १८२२ मध्ये यंत्रांची चित्रं काढण्यासाठी ही पद्धत मांडली. त्यात समांतर रेषा समांतरच राहतात, लांबचं लहान होत नाही, आणि तिन्ही मुख्य दिशांना पट्टी लावून माप घेता येतं. चित्र थोडं विचित्र दिसतं, मागची बाजू मोठी झाल्यासारखी वाटते, कारण आपल्या डोळ्याला ती लहान असण्याची सवय आहे. पण साडेतीन फूट सगळीकडे साडेतीन फूटच दिसतात.

धोटा_आणि_धागा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

मांडणी करणाऱ्या दादाला बोलावलं आणि हा धागा वाचायला दिला. भांडण झालं नाही. त्यानं त्याच चित्रात फरशीवर एक-एक फुटाच्या चौकटी आखल्या आणि त्या वाटेत एक माणूस उभा केला. एवढ्यानंच चित्र बदललं. तिथे साडेतीन चौकटी मोजता येतात, आणि त्या माणसाच्या दोन्ही बाजूंना फूट-फूटच उरतो. अप्पा म्हणाले, "हा माणूस आधी कुठं गेला होता?"

मग रविवारी माग बंद ठेवून आम्ही दाराजवळच्या मोकळ्या फरशीवर खडूनं ती वाट खऱ्या मापात आखली. ट्रॉलीवर रिकामा बीम ठेवला आणि वळवून बघितला. साडेतीनात अडकला, ते माहीतच होतं. पाच फुटांची आखली तर त्यातही बीमची टोकं खडूच्या रेघेवरून गेली. सव्वापाचला सुटला. म्हणजे आमचं "पाच तरी लागतात" हेसुद्धा जुन्या मागांच्या, आखूड बीमच्या हिशेबानं होतं.

चौथी ओळ पावणेदोन फूट मागे घ्यायचं ठरलंय. मागच्या भिंतीचा सुताचा रॅक त्यासाठी हलवावा लागेल. दोन फाउंडेशन नव्यानं, खर्च आहेच. खडूच्या रेघा अजून पुसल्या नाहीत. रात्रपाळीची मुलं त्यावरून ट्रॉली वळवून बघतात आणि अप्पा बाजूला उभे राहून टोकं बघतात.

फळा_आणि_खडू

पुसू नका. बुधवारी सातवीची चार मुलं घेऊन येऊ का? चित्रही दाखवा, नकाशाही, आणि फरशीही. खडू मी आणतो.

धोटा_आणि_धागा

या सर, जरूर या. दुपारी तीननंतर, पाळी बदलते तेव्हा जरा शांत असतं.